संरक्षण खरेदीत टक्केवारी कुठे शिरते आणि बाहेरून ती कशी शोधायची

प्रश्न असा: संरक्षण खात्याचा खर्च गुप्त असतो, मग त्यातला गैरव्यवहार नागरिकाला, पत्रकाराला किंवा माहिती अधिकार वापरणाऱ्या कार्यकर्त्याला कळणार कसा? धोका नेमका कुठे असतो, आणि माहिती अधिकारात काही हाती लागतं का?

आधी एक समज बाजूला ठेवू. भारताच्या संरक्षण खर्चातला खरोखर गुप्त असा भाग लहान आहे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षण मंत्रालयाला ६,८१,२१० कोटी रुपये मिळाले. त्यातले १.८० लाख कोटी भांडवली खर्चाचे, म्हणजे विमानं, जहाजं, तोफा, बांधकामं यांचे. निवृत्तिवेतनावर १.६० लाख कोटींच्या वर जातात. उरलेल्यात पगार, इंधन, शिधा, गणवेश, दुरुस्ती आणि दारूगोळा येतो. हे सगळं संसदेपुढे लेखाशीर्षांनुसार मांडलं जातं. भूदलाचा महसुली, म्हणजे रोजचा चालू, खर्च २०७६ खाली, नौदलाचा २०७७, हवाई दलाचा २०७८, आणि तिन्ही दलांचा भांडवली खर्च ४०७६ खाली. ‘डिफेन्स सर्व्हिसेस एस्टिमेट्स’ नावाचा खंड मंत्रालय प्रसिद्ध करतं, त्यात विमानं व इंजिनं, जड व मध्यम वाहनं, इतर सामग्री अशी पोटशीर्षंही सापडतात.

मग अडतं कुठे? ‘विमानं व इंजिनं’ या शीर्षाखाली इतके हजार कोटी गेले, एवढं कळतं. ते कोणत्या कराराचा कितवा हप्ता म्हणून गेले, त्या बदल्यात माल किती आला, उशिराबद्दल दंड कापला का, हे त्या कागदावर नसतं. बजेट आणि करार यांच्यामधला हा दुवा तुटलेला आहे. क्षेपणास्त्राचा पल्ला किंवा रडारची वारंवारता झाकून ठेवायलाच हवी. पण निविदेतली अट कोणी बदलली, किमतीची तुलना कशाशी केली, मुदतवाढ किती वेळा दिली, यात शत्रूच्या उपयोगाचं काही नसतं. पैसा मात्र नेमका तिथे गळतो. म्हणून खरेदीच्या फाइलचा प्रवास सुरुवातीपासून पाहायला हवा.

मोठी खरेदी सध्या ‘संरक्षण अधिग्रहण प्रक्रिया २०२०’ या नियमावलीने चालते. ती १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झाली. तिच्या आधीची पहिली नियमावली २००२ ची. टप्पे साधारण असे: दल आपली गरज लिहितं, तांत्रिक निकष ठरतात, संरक्षणमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची संरक्षण अधिग्रहण परिषद गरजेला मान्यता देते, निविदा निघते, कागदोपत्री तांत्रिक छाननी होते, मैदानी चाचण्या होतात, मग किमतीची वाटाघाटी समिती बसते, आणि शेवटी सक्षम अधिकारी मंजुरी देतो. २,००० कोटींपर्यंत संरक्षण मंत्री, ३,००० कोटींपर्यंत संरक्षण व अर्थमंत्री, त्यापुढे मंत्रिमंडळाची सुरक्षा समिती.

इथे वर्तमानपत्रांत नेहमी होणारा एक घोळ सांगायला हवा. ‘एक लाख कोटींच्या खरेदीला मंजुरी’ अशी बातमी येते, तेव्हा ती बहुतेक वेळा फक्त गरजेच्या मान्यतेची असते. ३ जुलै २०२५ ला परिषदेने दहा प्रस्तावांना, मिळून सुमारे १.०५ लाख कोटींना, अशीच मान्यता दिली. करार त्यानंतर वर्षा-दोन वर्षांनी होतो, कधी होतही नाही. जे आकडे तपासायचे ते कराराचे. मान्यतेचा आकडा अंदाजाचा असतो आणि अनेक प्रस्तावांची मोळी बांधून जाहीर होतो.

आता सगळ्यांत नाजूक जागा. लोकांना वाटतं की लाच निविदा उघडताना दिली जाते. तिथे गर्दी असते, सह्या असतात, सगळ्यांचं लक्ष असतं. निर्णायक खेळी त्याच्या दोन-तीन वर्षं आधी होते, तांत्रिक निकष लिहिताना. फायलीत यांना क्यूआर म्हणतात. एक आकडा असा घाला की दहा कंपन्यांपैकी एकच उरते. पुढची प्रक्रिया मग कितीही काटेकोर चालवली तरी निकाल ठरलेलाच असतो.

अतिविशिष्ट व्यक्तींसाठीच्या बारा हेलिकॉप्टरांचं प्रकरण यासाठी मुळातून अभ्यासण्यासारखं आहे. फेब्रुवारी २०१० मध्ये ऑगस्टा-वेस्टलँड कंपनीशी सुमारे ५५.६ कोटी युरोंचा करार झाला. सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांनी, म्हणजे कॅगने, ऑगस्ट २०१३ मध्ये अहवाल दिला. मूळ निकषात उड्डाणाची उंची ६,००० मीटर होती, ती पुढे ४,५०० मीटर झाली. केबिनची उंची १.८ मीटर हवी, ही अट आली. गंमत बघा, पहिल्या निकषात एकच कंपनी पात्र ठरते म्हणून बदल सुचवला गेला, आणि बदललेल्या निकषातही शेवटी एकच उरली, फक्त कंपनी दुसरी. चाचण्या परदेशात झाल्या आणि ज्या हेलिकॉप्टरची खरेदी व्हायची होती त्याऐवजी त्याच घराण्यातल्या दुसऱ्या नमुन्यांवर झाल्या. तुलनेसाठी धरलेली अपेक्षित किंमत अवास्तव जास्त होती, असंही कॅगने नोंदवलं. १ जानेवारी २०१४ ला करार रद्द झाला. इटलीत कंपनीच्या वरिष्ठांची अपिलात मुक्तता झाली, हेही सांगितलं पाहिजे. लाच सिद्ध होवो वा न होवो, निकष, चाचणी आणि तुलनात्मक किंमत या तीनही ठिकाणी प्रक्रिया वाकलेली कॅगला कागदांवर दिसली, हा मुद्दा उरतोच.

या तीन ठिकाणांकडे म्हणूनच बारकाईने बघायचं. निकष बदलला असेल तर बदलाची तारीख, तो मागणाऱ्याचं पद आणि बदलाआधी-नंतर पात्र ठरणाऱ्या कंपन्यांची संख्या, या तीन गोष्टी एका ओळीत मांडा. कारण सुरक्षेचं दिलं असेल तर ते सुरक्षेशी खरंच जुळतं का, हे कोणताही वैमानिक किंवा अभियंता सांगू शकतो. नव्या नियमावलीत ‘वाढीव कामगिरीचे निकष’ म्हणून जास्त चांगल्या मालाला दहा टक्क्यांपर्यंत किमतीत सवलतीचे गुण देता येतात. हेतू चांगला आहे, कारण केवळ स्वस्त तेच घ्यायचं या हट्टाने सैन्याचं नुकसान होतं. पण हे गुण कशासाठी, ते निविदा काढतानाच छापलेलं असायला हवं. बोली आल्यावर निकष बदलायची पळवाट एकदा उघडली की ती बंद करणं कठीण.

चाचणीतला धोका वेगळा आहे. चाचण्या कंपनीच्या खर्चाने, खरेदीचं कोणतंही बंधन न घेता होतात. कंपनी चाचणीला जे आणते आणि नंतर जे पुरवते, ते एकच आहे का, हा कळीचा प्रश्न. १९७ हलक्या हेलिकॉप्टरांचा करार युरोकॉप्टर कंपनीशी होणार होता, तो डिसेंबर २००७ मध्ये रद्द झाला. चाचणीला आणलेलं हेलिकॉप्टर लष्करी प्रमाणित रूपातलं नव्हतं, हा त्यामागचा मुख्य आक्षेप होता. त्याच गरजेसाठी पुन्हा काढलेली निविदा २०१४ मध्ये बंद झाली. दरम्यान सियाचिनवर वर्षानुवर्षं जुनी चीता आणि चेतक हेलिकॉप्टरंच उडत राहिली.

तुलनात्मक किमतीबद्दल थोडं जास्त बोलू, कारण बाहेरच्या माणसाला हा टप्पा माहीतच नसतो. किमतीचा लिफाफा उघडण्याआधी वाटाघाटी समितीने स्वतःची वाजवी किंमत ठरवून नोंदवायची असते. ती आधीच्या खरेदीवरून, महागाई आणि विनिमय दर धरून, सुट्या भागांच्या दरांवरून काढतात. सर्वांत कमी बोली या आकड्याच्या आत असेल तर पुढे घासाघीस करायची गरज उरत नाही. म्हणजे आकडा फुगवला की कंपनीची फुगलेली किंमतही ‘वाजवी’ ठरते. संशय येण्यासारख्या खुणा ठरलेल्या असतात: शेवटची तुलना दहा वर्षांपूर्वीच्या करारांशी केलेली, सुटे भाग, प्रशिक्षण, देखभाल, शस्त्रं असं सगळं एका गाठोड्यात बांधलेलं, त्यामुळे नुसत्या यंत्राची किंमत वेगळी काढता येत नाही, आणि अंदाज बोलीनंतर सुधारलेला. ३६ राफेल विमानांवरच्या फेब्रुवारी २०१९ च्या अहवालात कॅगने मंत्रालयाच्या आग्रहावरून किमतीचे आकडे झाकले आणि एकूण करार २.८६ टक्के स्वस्त पडल्याचं सांगितलं. निष्कर्ष बरोबर असेलही. पण वाचणाऱ्याला हिशेब पडताळता येत नसेल तर त्याला विश्वासच ठेवावा लागतो, आणि लेखापरीक्षणाचा उद्देशच विश्वासाऐवजी पुरावा देणं हा आहे.

दलाल हा शब्द आपल्याकडे शिवीसारखा वापरला जातो. बोफोर्स तोफांच्या दलालीच्या प्रकरणानंतर एजंटांवर बंदी आली, आणि बंदीमुळे ते नाहीसे न होता सल्लागार, अभियांत्रिकी सेवा, विपणन अभ्यास अशा नावांनी काम करू लागले. नोंदणीकृत एजंट, त्याला दिलेली रक्कम दरवर्षी जाहीर, आणि करार मिळाल्यावर ठरावीक टक्के हा प्रकार निषिद्ध, ही २०१६ च्या नियमावलीने घेतलेली भूमिका त्यामुळे जास्त शहाणपणाची होती. २० कोटींच्या वरच्या खरेदीत सचोटी करार करावा लागतो. त्यात लाच दिल्याचं आढळल्यास करार रद्द, बँक हमी जप्त, व्याजासह वसुली आणि बंदी अशी कलमं असतात. ऑगस्टा-वेस्टलँड प्रकरणात याच कलमांच्या आधारे करार मोडून बँक हम्या वटवता आल्या. कलमं दात असलेली आहेत, फक्त ती वापरायला आधी काही उघडकीला यावं लागतं.

आणि उघडकीला येतं कुठून? हे वाचून वाईट वाटतं, पण नोंद अशी आहे. बोफोर्सचा करार २४ मार्च १९८६ चा, ४०० तोफांचा, सुमारे १,४३७ कोटींचा. एप्रिल १९८७ मध्ये दलालीची बातमी दिली ती स्वीडनच्या रेडिओने. पुढे २००४ आणि २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने लाचखोरीचे आरोप रद्द केले. हेलिकॉप्टरांचं प्रकरण इटलीच्या तपासातून आलं. एम्ब्राएर या ब्राझिलियन कंपनीने डीआरडीओला, म्हणजे सरकारच्या संरक्षण संशोधन संस्थेला, तीन विमानं विकली होती. त्या व्यवहारात एजंटला ५७.६ लाख डॉलर दिल्याचं तिने २०१६ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याशी केलेल्या तडजोडीत मान्य केलं. रोल्स-रॉइसने जानेवारी २०१७ मध्ये ब्रिटनच्या गंभीर फसवणूक तपास कार्यालयाशी सुमारे ४९.७ कोटी पौंडांची तडजोड केली, तिच्यात भारतातल्या मध्यस्थांचाही विषय होता. चारही वेळा पहिला धागा परदेशात सुटला. त्या देशांत लाच देणाऱ्या कंपनीवर खटला होतो आणि कबुली दिली तर शिक्षा कमी होते, म्हणून कंपन्या बोलतात. आपल्याकडे भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ च्या दुरुस्तीने कंपनीला थेट जबाबदार धरणारं कलम ९ आलं. पण त्याच दुरुस्तीने कलम १७ अ आणलं, त्यामुळे अधिकाऱ्याने पदावर असताना घेतलेल्या निर्णयाची चौकशी सुरू करायला आधी सरकारची परवानगी लागते.

करार झाला की लोकांचं लक्ष उडतं, आणि तिथून गळतीचा दुसरा मोठा भाग सुरू होतो. ऑफसेट म्हणजे परदेशी कंपनीने कराराच्या किमतीचा ठरावीक हिस्सा, साधारण ३० टक्के, भारतात खरेदी, गुंतवणूक किंवा तंत्रज्ञानाच्या रूपात परत आणायचा. सुरुवातीला ही अट ३०० कोटींवरच्या करारांना होती, २०१६ मध्ये मर्यादा २,००० कोटींवर नेली. कॅगच्या सप्टेंबर २०२० च्या अहवालाने २००५ ते मार्च २०१८ या काळातले ४६ ऑफसेट करार तपासले, एकूण ६६,४२७ कोटींचे. डिसेंबर २०१८ पर्यंत त्यातलं १९,२२३ कोटींचं काम व्हायला हवं होतं. कंपन्यांनी ११,३९६ कोटींचा दावा केला आणि मंत्रालयाने त्यातले फक्त ५,४५७ कोटी मान्य केले.

ऑफसेटमध्ये भारतीय भागीदार परदेशी कंपनी निवडते, म्हणजे इथे निविदाच नसते. ओळखीच्या माणसाच्या नव्या कंपनीला ‘सॉफ्टवेअर सेवा’ किंवा ‘ड्रॉइंग तयार करणं’ यासाठी पैसे देता येतात, आणि अशा सेवेची खरी किंमत कोण ठरवणार? म्हणूनच २०१३ मध्ये सेवांच्या रूपातला ऑफसेट काही काळ थांबवला होता. भागीदार कंपनीची स्थापना कराराच्या किती दिवस आधी झाली, तिचे संचालक कोण, तिची इतर उलाढाल किती, हे कंपनी निबंधकांच्या नोंदींतून थोड्या शुल्कात मिळतं. या एका तपासणीने बरंच काही दिसतं. नव्या नियमावलीत सरकार-ते-सरकार करार आणि एकाच कंपनीकडून होणारी खरेदी यांना ऑफसेटची अटच काढून टाकली आहे. त्यामुळे एक वाट बंद झाली. पण जे जुने करार चालू आहेत त्यांच्यावर लक्ष ठेवणं अजून सोडून चालणार नाही.

पुरवठ्यातला खोटेपणा हा त्याहून साधा आणि त्याहून घातक. बोफोर्सच्याच आराखड्यांवरून जबलपूरच्या कारखान्यात बनलेल्या धनुष तोफेसाठी जर्मन म्हणून पुरवलेले बेअरिंग प्रत्यक्षात चिनी होते, असा गुन्हा सीबीआयने २०१७ मध्ये नोंदवला. रक्कम काही लाखांचीच. पण तोफ डागताना बेअरिंग गेलं तर किंमत जवान मोजतात. असा माल आत येतो तो तपासणी प्रमाणपत्र कागदावरच पाहून. मूळ उत्पादकाचं प्रमाणपत्र थेट उत्पादकाकडून पडताळायचं, पुरवठादाराने दिलेल्या प्रतीवर विसंबायचं नाही, हा नियम पाळला तर यातलं बहुतेक थांबतं.

उशिराच्या दंडाकडेही बघा. महसुली खरेदीतलं रूढ प्रमाण म्हणजे दर आठवड्याला अर्धा टक्का, कमाल दहा टक्के. १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संरक्षण खरेदी नियमपुस्तिकेत देशात विकसित होणाऱ्या मालासाठी हा दंड बराच सैल केला आहे. नवं काही घडवणाऱ्या लहान उद्योगाला त्याने मोकळा श्वास मिळेल. तयार माल विकणाऱ्याने स्वतःला ‘विकासक’ म्हणवून ती सवलत घेतली, तर मात्र तो दंडमाफीचा राजमार्ग होईल. ‘दंडाशिवाय मुदतवाढ’ हे दोन शब्द कोणत्याही फायलीत दिसले की थांबून कारण वाचायचं.

महसुली खरेदीबद्दल कमी लिहिलं जातं, कारण तिथे लढाऊ विमान नसतं. शिधा, बूट, गॉगल, रंगकाम, छपराची दुरुस्ती, बॅटऱ्या. पण रोजची टक्केवारी इथेच चालते. एक मोठी मागणी लहान तुकड्यांत तोडायची, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याची मंजुरी आणि जाहीर निविदा दोन्ही टळतात. सामान्य वित्तीय नियमावलीचा नियम १५७ हेच मना करतो. वर्षअखेरीस खर्चाची घाई करणं नियम ६२(३) नुसार वित्तीय शिस्तीचा भंग आहे, तरी मार्चमधली बिलं मोजून पाहा. एकाच तुकडीने एकाच आठवड्यात एकाच वस्तूसाठी मर्यादेच्या जरा आतल्या रकमेच्या चार मागण्या काढल्या असतील तर ते योगायोगाने होत नाही. सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवरही तोच अनुभव: वस्तूचं वर्णन इतकं नेमकं लिहायचं की एकाच ब्रँडला बसेल. बांधकामात मोजमाप पुस्तकातली नोंद आणि प्रत्यक्ष काम यांचा ताळा हाच एकमेव उपाय, आणि तो कामाच्या दिवशी झाला पाहिजे. भिंत रंगवून झाल्यावर किती हात दिले हे कोणी सांगू शकत नाही.

याचा परिणाम कुठे जाणवतो? सियाचिन-लडाखमधल्या कपड्यांवरचा कॅगचा अहवाल फेब्रुवारी २०२० मध्ये संसदेत आला. बर्फातल्या बुटांची खरेदी रखडल्यामुळे वापरलेले बूट दुरुस्त करून पुन्हा दिले गेले, बर्फात लागणाऱ्या गॉगलची मोठी टंचाई होती. त्यात प्रत्येक ठिकाणी लाच होती असं कोणी म्हणत नाही. पण ढिसाळ खरेदी आणि भ्रष्ट खरेदी एकाच अंधारात वाढतात.

काही पैसा सरकारी खजिन्याच्या बाहेरच राहतो. कॅन्टीन स्टोअर्स डिपार्टमेंट, ज्याचं मुख्यालय मुंबईत आहे, हे सरकारी खातं. त्याचे हिशेब कॅग तपासतो. पण तिथून माल घेऊन विकणारी युनिट कॅन्टीन आणि त्यांचा नफा मात्र ‘रेजिमेंटल निधी’ मानला जातो आणि कॅगच्या कक्षेबाहेर राहतो. हा निधी बहुतांशी जवानांच्याच कल्याणावर खर्च होतो, म्हणून त्याचा हिशेब त्याच जवानांना फलकावर दिसावा, एवढी अपेक्षा गैर नाही. जमिनीचंही तसंच. संरक्षण मंत्रालयाकडे सुमारे १७.७८ लाख एकर जमीन आहे, तिची मोजणी २०२२ च्या सुरुवातीला पूर्ण झाली. त्याआधी कॅगने लष्कराच्या जमिनीवरचे ९७ गोल्फ कोर्स मोजले होते, ८,०७६ एकरांवर पसरलेले. कुलाब्याच्या ३१ मजली आदर्श इमारतीचा घोळ तर जमीन लष्कराची की राज्याची, या एका अस्पष्ट नोंदीवर उभा राहिला. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०१६ मध्ये ती पाडायचा आदेश दिला, पुढे सर्वोच्च न्यायालयाने पाडण्याला स्थगिती दिली. पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, कामठी अशा छावण्यांत राहणाऱ्यांनी आपल्या भागातल्या लष्करी जमिनीचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका आणि छावणीची जमीन नोंदवही जुळते का, एवढं पाहिलं तरी पुढचे वाद आधीच दिसतात.

आता एक कटू बाजू. भ्रष्टाचाराचा वास आला की करार रद्द, कंपनी काळ्या यादीत, हा सोपा उपाय वाटतो. त्याची किंमत प्रचंड असते. जर्मन एचडीडब्ल्यू पाणबुड्यांचा करार १९८१ चा. दलालीच्या वादात तो चार पाणबुड्यांवर थांबला. त्यातल्या शेवटच्या दोन, शाल्की आणि शंकुल, माझगाव डॉकमध्ये बांधल्या, १९९२ आणि १९९४ मध्ये नौदलात आल्या. त्यानंतर तिथे पाणबुडीचं काम थांबलं, शिकवलेले वेल्डर निवृत्त झाले, आणि २००५ मध्ये सहा स्कॉर्पीन पाणबुड्यांसाठी १८,७९८ कोटींचा करार झाल्यावर सगळं पुन्हा शिकावं लागलं. पहिली कलवरी २०१७ मध्ये आली. सुरुंग काढणाऱ्या जहाजांचं तर अजून वाईट. कोरियन कंपनीबरोबरचा व्यवहार मध्यस्थांच्या आरोपावरून २०१४ मध्ये थांबला, मग काम गोवा शिपयार्डकडे देण्याचं ठरलं, तेही २०१८ मध्ये बारगळलं. आणि जुन्या जहाजांपैकी शेवटचं २०१९ मध्ये निवृत्त झालं. बंदरांच्या तोंडाशी पेरलेले सुरुंग शोधणारी खास जहाजंच नौदलाकडे उरली नाहीत. शिक्षा दोषी माणसाला आणि वसुली कंपनीकडून व्हायला हवी. ती सैन्याला होऊ नये. २०१६ पासूनच्या मार्गदर्शक सूचनांत सरसकट बंदीऐवजी दोषाच्या प्रमाणात कारवाई करायची सोय त्यासाठीच आहे.

शोध घ्यायचा तर सुरुवात फुकट मिळणाऱ्या कागदांपासून करा. एचएएल, भारत इलेक्ट्रॉनिक्स, माझगाव डॉक या कंपन्या शेअर बाजारात आहेत, त्यामुळे मोठा करार झाला की रकमेसह बाजाराला कळवावा लागतो. मंत्रालय जो आकडा सांगताना आढेवेढे घेतं तो कधीकधी तिथे सहज छापलेला असतो. अमेरिकेकडून खरेदी असेल तर त्यांच्या संसदेला दिलेली सूचना पाहा. ३१ एमक्यू-९बी ड्रोनसाठी १ फेब्रुवारी २०२४ च्या सूचनेत कमाल ३९९ कोटी डॉलरचा अंदाज आणि सामग्रीची यादी दोन्ही होत्या. लोकसभा-राज्यसभेतल्या तारांकित, अतारांकित प्रश्नांची उत्तरं, संरक्षणविषयक स्थायी समितीचे अहवाल आणि लोकलेखा समितीचे अहवाल संसदेच्या संकेतस्थळावर शोधता येतात. कॅगने २०१७ मध्ये दारूगोळ्याच्या १५२ प्रकारांपैकी ६१ प्रकारांचा साठा दहा दिवसही पुरणार नाही, असं लिहिलं. त्यानंतर संरक्षणावरचे काही अहवाल संसदेत ठेवले गेले तरी संकेतस्थळावर चढले नाहीत. सभागृहात ठेवलेला कागद सार्वजनिकच असतो. आपल्या खासदाराच्या कार्यालयातून त्याची प्रत मागा.

मग माहिती अधिकार. सैन्यदलं आणि संरक्षण मंत्रालय या कायद्यातून वगळलेले नाहीत, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. डीआरडीओ कलम २४ च्या, म्हणजे कायद्यातून सूट मिळालेल्या संस्थांच्या, यादीत आहे, पण भ्रष्टाचाराच्या आरोपाशी संबंधित माहिती त्यांनाही द्यावी लागते. नकार येतो तो बहुधा कलम ८(१)(अ), म्हणजे सुरक्षा, किंवा ८(१)(ड), म्हणजे व्यापारी गोपनीयता, यावर. म्हणून अर्जच असा लिहा की ती कलमं लागूच नयेत. यंत्राच्या क्षमतेबद्दल अक्षर नको. ‘का’ विचारू नका, कारण मत देणं बंधनकारक नाही. मागा ते एवढंच: निविदेची तारीख, किती बोली आल्या, किती पात्र ठरल्या, कराराची तारीख आणि एकूण रक्कम, मूळ पुरवठा तारीख, मुदतवाढींची संख्या व प्रत्येकीची तारीख, आकारलेला दंड आणि माफ केलेला दंड. काही भाग गुप्त असला तर कलम १० खाली तो वगळून उरलेलं द्या, असं अर्जातच लिहा. फी दहा रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, नाकारलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरं. दुसऱ्या अपिलात कलम ८(२), म्हणजे जनहित जास्त मोठं आहे, हा मुद्दा आकड्यांसह मांडा.

आत काम करणाऱ्याला काही दिसलं असेल तर त्याने अर्ज करून स्वतःला उघडं पाडू नये. जागल्यांच्या, म्हणजे आतला गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये संमत झाला, पण तो अमलात आणलेला नाही. २००४ च्या ठरावानुसार केंद्रीय दक्षता आयोगाकडे तक्रार करण्याची सोय मात्र चालू आहे. तक्रार बंद लिफाफ्यात, आयोगाच्या सचिवांच्या नावे पाठवायची. लिफाफ्यावर ‘जनहित प्रकटीकरणाखालची तक्रार’ असं ठळक लिहायचं. तक्रारदाराचं नाव-पत्ता लिफाफ्यावर कुठेही येऊ द्यायचा नाही, तो आतल्या पत्राच्या सुरुवातीला किंवा शेवटी द्यायचा. मजकुरातही आपण कोणत्या टेबलावर बसतो हे ओळखू येईल असं वाक्य टाळायचं. निनावी पत्रावर या ठरावाखाली कारवाई होत नाही, म्हणून नाव लिहायचंच, फक्त योग्य जागी. सोबत फाइल क्रमांक, नोंदीची तारीख आणि पान क्रमांक द्या. मूळ कागद कार्यालयातून उचलू नका, तो तिथेच राहिला तरच पुढे पुरावा म्हणून उपयोगी पडतो.